ग्लुकोमीटर, बीपीचे मशीन आणि ॲप: एप्रिल ते नोव्हेंबरचा वापर

ब्लूटूथने मोबाइलला जोडायचा ग्लुकोमीटर, दंडाला पट्टा बांधायचे बीपीचे मशीन आणि दोन्हींची नोंद ठेवणारे ॲप, असा संच गोव्यात फोंड्याकडच्या एका घरात आठ महिने वापरात आहे. वापरणारी माणसे दोन, दोघांनाही गोळ्या चालू, इन्सुलिन कुणालाच नाही. मेचा उकाडा, पूर्ण पावसाळा, चतुर्थी आणि दिवाळी एवढे सगळे यात आले. विकणारा माणूस ॲपबद्दल भरभरून सांगतो. आठ महिन्यांनंतरचे मत मात्र असे की ॲपकडे नंतर बघितले तरी चालेल. आकडा बिघडतो तो स्ट्रिपच्या बाटलीत, बोटाच्या टोकावर आणि पट्ट्याखाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत गोव्यातले मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के निघाले, देशात सर्वांत जास्त. आपल्याकडे घरोघरी हे मशीन येणारच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात स्ट्रिपपासून, कारण गोव्याच्या हवेशी थेट संबंध तिचाच. स्ट्रिपच्या टोकाला एन्झाइमचा पातळ थर असतो. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची क्रिया होते, त्यातून अगदी बारीक विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि मीटर तो मोजतो. या थराला दमट हवा लागली की तो खराब होतो, आणि वाईट म्हणजे खराब झालेली स्ट्रिप दिसायला अगदी नव्यासारखीच असते. बाटलीच्या आत ओल शोषणारा थर असतो, पण झाकण घट्ट बसले तरच त्याचा उपयोग. स्ट्रिप काढायची, टक् आवाज येईपर्यंत झाकण दाबायचे आणि मगच बोट टोचायचे, हा क्रम जुलैत एकदाही चुकवू नये. आमच्याकडे एक बाटली रात्रभर झाकण अर्धवट लागलेल्या अवस्थेत राहिली. सकाळी कंट्रोल सोल्यूशनने तपासले. बाटलीवर छापलेली मर्यादा १०२ ते १३८ होती. त्या बाटलीतल्या पहिल्या स्ट्रिपने १४७ दाखवले, दुसरीने ९४, तिसरीने नुसता एरर. नव्या बाटलीतल्या स्ट्रिपने ११९ दाखवले. अर्धी भरलेली बाटली टाकावी लागली, आणि तेच बरोबर होते.

हे कंट्रोल सोल्यूशन म्हणजे ग्लुकोजचे ठरावीक प्रमाण असलेले द्रावण. मीटरसोबत ते बहुतेक वेळा येत नाही आणि छोट्या फार्मसीत ठेवलेलेही नसते, सांगून मागवावे लागते. ते त्याच कंपनीचे, त्याच स्ट्रिपसाठीचे हवे. उघडल्यानंतर साधारण तीन महिनेच चालते, म्हणून उघडल्याची तारीख लगेच बाटलीवर लिहावी. नवी बाटली उघडल्यावर, मीटर हातातून पडल्यावर किंवा आकडा अंगाच्या लक्षणांशी जुळत नसेल तेव्हा तपासावे. तपासताना मीटरवर किंवा ॲपमध्ये ‘कंट्रोल’ अशी खूण करायला विसरू नका, नाहीतर तो आकडा माणसाच्या सरासरीत मिसळतो.

स्ट्रिपच्या बाटलीवर दोन तारखा असतात हेही बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एक छापलेली मुदत, दुसरी उघडल्यापासून चालू होणारी, कंपनीप्रमाणे तीन किंवा सहा महिन्यांची. आठवड्याला दोन स्ट्रिप लागत असतील तर पन्नासाची बाटली पंचवीस आठवडे पुरते, म्हणजे शेवटच्या स्ट्रिपा मुदतीच्या काठावर किंवा मुदतीबाहेर जातात. अशा घराने पंचवीसच्या दोन बाटल्या घ्याव्यात. एका स्ट्रिपला साधारण आठ ते पंचवीस रुपये पडतात. मीटर स्वस्त मिळतो, खरा खर्च स्ट्रिपचा, म्हणून मीटर निवडताना आधी आपल्या गावच्या फार्मसीत कोणत्या स्ट्रिपा नेहमी असतात ते विचारावे. ठेवायची जागा बहुतेक कंपन्या ४ ते ३० अंशांच्या मधली सांगतात. मेमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर एक तास राहिलेली बाटली संशयास्पदच धरावी. फ्रिज हा उपाय नव्हे: गार बाटली दमट हवेत उघडली की आत दव धरते. आतल्या खोलीतले कपाट, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरापासून लांब, एवढे पुरते.

आता बोट. एप्रिल-मेमध्ये सगळ्यात जास्त फसवले ते मानकुरादने. आंबा कापून हात कापडाला पुसले आणि बोट टोचले तर १८८. लगेच साबणाने हात धुऊन, कोरडे करून दुसऱ्या बोटाचे रक्त घेतले तर १२९. थेंब इतका छोटा असतो की कातडीवर राहिलेली साखर त्याला सहज वर नेते. स्पिरिटच्या बोळ्याने पुसले तरी फळाची साखर पुरती निघत नाही. पाणी आणि साबणच हवा. कोमट पाण्याने धुतले तर रक्तही चांगले उतरते. हात पूर्ण कोरडा व्हायला हवा, ओल्या बोटावर थेंब पातळ होतो. टोचायचे ते बोटाच्या कडेला, टोकावर मधोमध नाही, कारण कडेला दुखते कमी. बोटाचे पेर दाबून दाबून रक्त काढले तर पेशींमधले पाणी मिसळून आकडा बिघडतो. त्यापेक्षा हात खाली सोडून मनगटाकडून बोटाकडे हळुवार चोळावे. सुईवर २८, ३० किंवा ३३ असा गेज असतो. आकडा मोठा तेवढी सुई बारीक. सुई बसवून टोचायच्या पेनची खोली २ वर सुरू करावी, थेंब आला नाही तरच वाढवावी. शेतात राबलेल्या जाड बोटांना ३ किंवा ४ लागते. सुई दरवेळी नवी घ्यावी, आणि एकाची पेन दुसऱ्याने वापरूच नये, सुई बदलली तरीही.

लॅबचा आकडा आणि घरचा आकडा जुळत नाही ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. आयएसओ १५१९७ या २०१३ च्या मानकाप्रमाणे १०० किंवा त्याहून जास्त असलेल्या शुगरला शंभरातले ९५ आकडे लॅबच्या १५ टक्क्यांच्या आत यायला हवेत. १०० च्या खाली १५ अंकांच्या आत. म्हणजे लॅबमध्ये १२६ असेल तर मीटरवर १०७ ते १४५ काहीही दिसले तरी मीटर नियमात आहे. तुलना करायचीच तर उपाशीपोटी, लॅबमध्ये रक्त दिल्यावर पाच-दहा मिनिटांत बोट टोचून करावी. जेवणानंतरची तुलना करू नये, तेव्हा बोटातले रक्त शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त आकडा देते. रक्त तपासायला उशीर झाला तर नळीतल्या पेशी साखर खात राहतात, म्हणून लॅब त्यासाठी फ्लोराइडची नळी वापरते. हिमोग्लोबिन बरेच कमी असेल तर मीटर जास्त आकडा दाखवू शकतो, हे ॲनिमिया असलेल्यांनी डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

या १५ टक्क्यांमुळे कालच्यापेक्षा आज आठ अंक जास्त, याला काही अर्थ राहत नाही. उपयोगी पडते ती जोडी: जेवणाआधी एक आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एक. आपल्याकडे प्रश्न नेहमीचाच, शीत म्हणजे भात किती खायचा? शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदके असतात. तीनशे रुपयांचा वजनकाटा घेऊन एक दिवस नेहमीचे शीत मोजा, जोडी घ्या. चार दिवसांनी तेच हुमण, तीच भाजी, शीत पाऊण, पुन्हा जोडी. आठ महिन्यांत खाण्याबद्दल जे काही खरे कळले ते अशा जोड्यांतून. ॲपच्या अन्नयादीत पोहे आणि इडली सापडते, पेज आणि पोई (गोव्यातला कोंड्याचा पाव) सापडत नाही. जवळपासचे काहीतरी निवडण्यापेक्षा स्वतःची नोंद वजनासकट तयार करावी. चतुर्थीला नेवऱ्यांची (करंज्यांची) नोंद ‘दोन नग’ अशी केली होती. नगाला अर्थ नाही, कुणाची नेवरी तीस ग्रॅमची, कुणाची साठची.

बीपीचे मशीन जास्त सोपे वाटते, आणि चुका त्यातच जास्त होतात. पहिली गोष्ट पट्ट्याचा आकार. खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा. बरेचदा सोबत येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटरसाठी असतो. घेर ३५ असेल आणि हाच पट्टा ओढून बसवला तर बीपी खोटे वाढते, मग उगाच गोळी वाढण्याची वेळ येते. मोठा पट्टा त्याच मॉडेलचा मागवावा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, नळी आतल्या बाजूने, उघड्या दंडावर, दोन बोटे आत जातील इतपत सैल. शर्टाची बाही गुंडाळून वर सरकवली तर ती दंड आवळते. हात बाहीतूनच काढावा.

बसायचे कुठे, हेही महत्त्वाचे. सकाळी घरापुढच्या बाल्कांवच्या सोप्यावर बसून बीपी घ्यायला छान वाटते, पण तिथे हाताला आधार नसतो. हात मांडीवर ठेवला तर पट्टा हृदयाच्या पातळीच्या खाली जातो, आणि दर १० सेंटिमीटरला बीपी सात-आठ अंकांनी जास्त दिसते. जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची उत्तम: पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाहीत, हात टेबलावर. पाच मिनिटे गप्प बसावे. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही, लघवी करून यावे. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू ऐकून मध्येच ‘चार पोई घे’ म्हणून सांगितले तर ते रीडिंग सोडून द्यावे, बोलण्यानेही बीपी वर जाते.

डॉक्टरांना दाखवायचे असेल तर सात दिवस, सकाळी गोळीच्या आधी दोन आणि रात्री दोन, मध्ये एक मिनिट. पहिला दिवस वगळून उरलेल्या २४ रीडिंगची सरासरी. घरच्या सरासरीला १३५/८५ ही रेषा धरतात, दवाखान्यातल्या १४०/९० च्या जागी. सुरुवातीला दोन्ही दंडांचे घ्यावे. सतत १० पेक्षा जास्त फरक असेल तर जास्त असलेला दंड कायमचा धरून डॉक्टरांना सांगावे. नाडी अनियमित असल्याची खूण वारंवार आली तर तीही सांगावी. बीपी १८०/१२० च्या वर गेले तर पाच मिनिटांनी पुन्हा घ्यावे. सोबत छातीत दुखणे, दम लागणे, बोलणे अडखळणे किंवा हातपाय लुळा पडणे असेल तर दुसऱ्या रीडिंगची वाट न बघता १०८ लावावा. शुगर ७० च्या खाली गेली तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत टोचावे.

बीपीच्या मशीनला चार पेन्सिल सेल लागतात. सेल उतरले की पट्टा अर्धवट फुगून एरर येतो, आणि लोक मशीन बिघडले म्हणून दुकानात नेतात. पावसाळ्यात सेलच्या पत्र्यांवर हिरवट थर चढतो. चार दिवस गावाला जाणार असाल तर सेल काढून ठेवा. नळी पट्ट्याभोवती घट्ट गुंडाळली की जोडाशी चिरते आणि हवा गळते. घामेजलेला पट्टा ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावा, नाहीतर ऑगस्टमध्ये बुरशीचा वास येतो.

उरले ॲप. पहिला त्रास दोघांची रीडिंग मिसळण्याचा. मशीनवर एक आणि दोन असे वापरकर्ते असतात, पण सकाळच्या घाईत कळ कोण बघतो? कळीच्या दोन्ही बाजूंना लाल आणि निळी चिकटपट्टी लावल्यावर चुका जवळजवळ थांबल्या. दुसरा त्रास घड्याळाचा. मीटरचा बटणसेल बदलला की तारीख मूळपदावर जाते आणि नवी रीडिंग काही वर्षांपूर्वीच्या तारखेला जाऊन पडतात, मग ती हरवली असे वाटते. सकाळ-संध्याकाळची अदलाबदल झाली तर उपाशीपोटीचा आकडा ‘रात्रीचे जेवण’ या खणात दिसतो. सेल बदलला की आधी तारीख लावावी, मग टोचावे.

ब्लूटूथ जोडले जात नसेल तर अँड्रॉइड १२ पासून ‘जवळची उपकरणे’ ही परवानगी आणि त्याआधीच्या फोनवर लोकेशन, हे बघावे. फोनची बॅटरी वाचवण्याची सोय ॲपला पाठीमागे झोपवते, त्यातून या ॲपला सूट द्यावी. संपर्कयादीची परवानगी मागितली तर नाकारावी, काही अडत नाही. घेण्याआधी फोन विमान मोडवर टाकून, फक्त ब्लूटूथ चालू ठेवून ॲप उघडते का ते जरूर पाहा. सत्तरी तालुक्यात किंवा केप्याच्या आतल्या भागात रेंज गेली आणि ॲप ओटीपी मागत बसले तर मशीन हातात असून नोंद होत नाही.

ॲप जो अंदाजे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा) दाखवते त्यावर भरवसा ठेवू नये. तो फक्त तुम्ही टोचलेल्या वेळांच्या सरासरीवरून काढलेला असतो; रोज उपाशीपोटीच बघणाऱ्याला तो बहुधा कमी दिसतो. लॅबची तपासणी तीन महिन्यांनी करावीच. मनगटी घड्याळे किंवा अंगठ्या बोट न टोचता शुगर सांगतात या जाहिरातींना तर भुलूच नका. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा उपकरणांविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे.

डॉक्टरांकडे फोनवरचे रंगीत आलेख दाखवू नयेत, वेळ जातो. महिन्याची फाइल काढून एका पानावर छापावे: तारीख, वेळ, जेवणाआधी, दोन तासांनी, बीपीची सकाळ-रात्रीची सरासरी, आणि शेवटच्या रकान्यात ‘गोळी विसरली’, ‘ताप’, ‘लग्नाचे जेवण’ असे दोन शब्द. तीच फाइल मेलवर स्वतःलाच पाठवून ठेवावी, फोन बदलला तरी नोंद राहते.

वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या, फिरकीचे झाकण असलेल्या बाटलीत जमवाव्यात. आठ महिन्यांत फिनाइलची अर्धी बाटली भरली. झाकणाला पट्टी लावून, वर ठळक ‘सुया’ लिहून ती बाकीच्या कचऱ्यापासून वेगळी द्यावी. सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली तर वेगळे करणाऱ्या बाईच्या हाताला टोचते.