एकच जनमत चाचणी धरायची की अनेक चाचण्यांची सरासरी?
अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवर नागपुरात बर्डीतल्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावरही पैजा लागतात. २०२४ मध्ये एक चाचणी म्हणायची हॅरिस पुढे, दुसरी म्हणायची ट्रम्प.

नावाजलेली एकच चाचणी धरली, तर तिची पद्धत नीट तपासता येते. पण त्याच वर्षी आयोवा राज्यात ॲन सेल्झर या नावाजलेल्या चाचणीकर्त्या बाईंच्या चाचणीत हॅरिस ३ अंकांनी (म्हणजे १०० पैकी ३ मतांनी) पुढे होत्या. ट्रम्प तिथे सुमारे १३ अंकांनी जिंकले! हजारभर लोकांच्या नमुन्यात एका उमेदवाराचा आकडा ३ टक्के इकडेतिकडे होतोच, दोघांमधलं अंतर तर त्याच्या जवळपास दुप्पट. सरासरीत हा हेलकावा कमी होतो, म्हणून माझा कौल तिलाच. मात्र सगळ्यांच्याच नमुन्यात कमी शिकलेले गोरे मतदार कमी पडले की सरासरीही तोंडघशी पडते. २०१६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात पडलीच.