विश्रामबागेतील यकृत तपासणी: सोनोग्राफी चोख, अहवालात मात्र बहीण-भाऊ एकाच मापात

हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणूसंसर्ग आमच्या घरात आईकडून आलेला असल्यामुळे माझी (वय 47) आणि ताईची (वय 53) दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी व रक्तातील एएफपीची (यकृताच्या कर्करोगाचा सुगावा देऊ शकणाऱ्या प्रथिनाची) तपासणी ठरलेली असते. या वेळी मिरजेला न जाता आम्ही सांगलीत विश्रामबागेतील एका खासगी निदान केंद्राचे ‘लिव्हर पॅकेज’ घेतले.

सोनोग्राफीबद्दल तक्रारीला जागा नाही. दिलेल्या वेळी आत घेतले आणि कुशीवर वळवून, श्वास रोखायला लावून फासळ्यांआडचा भागही नीट पाहिला. हेच काम इतरत्र तीन मिनिटांत उरकलेले मी अनुभवले आहे.

अहवालाबाबत असे म्हणवत नाही. अर्जावर स्त्री की पुरुष हे विचारले होते, तरी एसजीपीटीची (यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणाऱ्या घटकाची) कमाल मर्यादा दोघांनाही 40 च छापलेली होती, त्यामुळे ताईच्या 34 या आकड्यापुढे कसलीही खूण नव्हती. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये ही मर्यादा पुरुषांसाठी 29 ते 33 आणि स्त्रियांसाठी 19 ते 25 अशी वेगवेगळी दिली आहे. काउंटरवर विचारले तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नसल्याचे उत्तर मिळाले.

पॅकेजमधील डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्र पैसे वसूल झाले. यकृताचा कर्करोग पुरुषांत स्त्रियांपेक्षा दोन ते तीन पट अधिक आढळतो आणि दारू-तंबाखू हे त्याचे एकमेव कारण नाही, हे त्यांनी घाई न करता समजावले. बी विषाणूच्या डीएनएमध्येच पुरुष संप्रेरकाला प्रतिसाद देणारी जागा असते, त्यामुळे पुरुषाच्या शरीरात विषाणूला बळ मिळते. उलट इस्ट्रोजेन हे स्त्री संप्रेरक यकृतातील दाह वाढवणाऱ्या आयएल-6 या प्रथिनाला आवर घालते, असे 2007 मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. कर्करोगाच्या गाठीतील जनुकांतही फरक असतो: सीटीएनएनबी1 या जनुकातील बदल पुरुषांत, तर बीएपी1 मधील बदल स्त्रियांत तुलनेने अधिक सापडतात. सिरॉसिस (यकृतात व्रण साचून ते कडक होणे) नसलेल्या आशियाई हिपॅटायटिस बी-वाहकांची नियमित तपासणी पुरुषांत 40 व्या आणि स्त्रियांत 50 व्या वर्षापासून सुरू करण्याची शिफारस असते, हेही तिथेच कळले. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनचे हे कवच राहते का, असे ताईने विचारले, तेव्हा ते पातळ होते असे सांगून त्यांनी तिच्या 34 कडे स्वतःहून लक्ष वेधले.

काउंटरवर ‘कर्करोगाची जनुकीय चाचणी’ म्हणून गालातील नमुन्याची एक जादा चाचणी गळ्यात मारण्याचा प्रयत्न झाला. डॉक्टरांनीच ती घेऊ नका असे सांगितले, कारण सीटीएनएनबी1 सारखे बदल बहुधा गाठीच्या पेशींतच नव्याने घडतात, ते गालाच्या नमुन्यात दिसणार नाहीत. एकाच इमारतीत खाली विकायचे आणि वर नाकारायचे, हा प्रकार चमत्कारिक वाटला, पण डॉक्टरांचा स्पष्टपणा आवडला.

सहा महिन्यांनी आम्ही इथेच येऊ. तोवर ताईच्या अहवालावर 40 खोडून 25 असे मी पेनाने लिहून ठेवले आहे.