फिल्टर प्रॉक्सी की डीएनएस फिल्टर: निवड करणाऱ्यांसाठी एक तुलना

जाहिराती आणि पाळत ब्राउझरच्या बाहेरच रोखायची, असे एकदा ठरले की समोर मुख्यतः दोन मार्ग उरतात. पहिला मार्ग म्हणजे प्रायव्हॉक्सीसारखी फिल्टर करणारी वेब प्रॉक्सी. ब्राउझरची प्रत्येक मागणी तिच्या हातून जाते आणि काय पुढे पाठवायचे, काय अडवायचे, काय बदलायचे हे ती ठरवते. दुसरा मार्ग म्हणजे पाय-होल किंवा अ‍ॅडगार्ड होमसारखा डीएनएस फिल्टर. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून, म्हणजेच डोमेनवरून, तिच्या सर्व्हरचा अंकी पत्ता सांगणारी सेवा. तो नको असलेल्या डोमेनचा पत्ताच देत नाही, त्यामुळे तिथवर कोणी पोहोचत नाही. मी हे दोन्ही मार्ग बराच काळ वापरले आहेत आणि अजूनही दोन्ही चालू ठेवले आहेत, पण माझ्या रोजच्या कामाच्या संगणकावर ज्याला मी मुख्य मानतो तो एकच आहे. तो कोणता आणि का, हे पुढे येईलच. तुमची गरज माझ्याहून वेगळी असू शकते, हेही सुरुवातीलाच नमूद करतो.

ब्राउझरमधले एक्स्टेन्शन हा तिसरा मार्ग आहे, आणि एकाच ब्राउझरचा प्रश्न असेल तर यूब्लॉक ओरिजिन पुरेसे आहे. मात्र ते त्या ब्राउझरपुरतेच काम करते, आणि ब्राउझर बनवणाऱ्याने नियम बदलले की त्याची ताकदही बदलते. क्रोमने मॅनिफेस्टची, म्हणजे एक्स्टेन्शनने काय करावे हे ठरवणाऱ्या नियमांची, तिसरी आवृत्ती सक्तीची केल्यानंतर तिथे मूळ एक्स्टेन्शनऐवजी त्याची लाइट आवृत्ती वापरावी लागते, हे त्याचे ताजे उदाहरण आहे. स्क्विडचेही नाव अशा चर्चेत निघते, परंतु तो मुळात साठवणूक करणारा, मोठ्या कार्यालयांसाठी घडवलेला प्रॉक्सी आहे. वैयक्तिक गोपनीयतेसाठी त्याची मांडणी मला गरजेपेक्षा जड वाटते, म्हणून तो येथे बाजूला ठेवतो.

उभारणीच्या सोपेपणात डीएनएस फिल्टर निर्विवाद पुढे आहे. एका छोट्या संगणकावर तो बसवायचा, राउटरमध्ये त्याचा पत्ता डीएनएस म्हणून द्यायचा, आणि त्या नेटवर्कवरचे फोन, टीव्ही, पाहुण्यांचे लॅपटॉप असे सारे काही त्यांना हात न लावता त्याच्या कक्षेत येते. पाय-होल अडवायच्या डोमेनच्या आपल्या याद्या आठवड्यातून एकदा आपोआप ताज्या करतो. २०२०मध्ये आलेल्या त्याच्या पाचव्या आवृत्तीपासून प्रत्येक उपकरणासाठी वेगळा गट आणि वेगळ्या याद्या ठेवता येतात, आणि सी-नेमच्या (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या डीएनएस नोंदीच्या) आडून स्वतःला साइटचाच भाग म्हणवणारे ट्रॅकरही पकडले जातात. स्वतःचा डीएनएस ठोकून बसवलेली काही उपकरणे आणि स्वतःच एन्क्रिप्टेड डीएनएस वापरणारी काही अ‍ॅप्स त्याला वळसा घालतात, तेव्हा राउटरवर आणखी नियम लिहावे लागतात; पण हा अपवादाचा भाग झाला.

प्रायव्हॉक्सीची उभारणी मात्र दोन पायऱ्यांची आहे, आणि बहुतेक जण पहिल्याच पायरीवर थांबून निराश होतात. पहिली पायरी सोपी आहे: प्रोग्राम बसवायचा, ब्राउझरला १२७.०.०.१ हा (म्हणजे त्याच संगणकाचा) पत्ता आणि ८११८ हा पोर्ट द्यायचा. एवढ्यावर जुन्या, साध्या एचटीटीपी पानांसाठी तो पूर्ण क्षमतेने चालतो. परंतु आज जवळजवळ सारे वेब एचटीटीपीएसवर, म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणीवर, आहे, आणि तिथे प्रॉक्सीला फक्त सर्व्हरचे नाव दिसते. त्यापुढचा पत्ता, कुकी, पानाचा मजकूर यांतले काहीच दिसत नाही. म्हणजे या अवस्थेत तो प्रत्यक्षात डीएनएस फिल्टरइतकेच काम करतो आणि तेही एकाच उपकरणासाठी. ज्यांनी इथवर येऊन प्रॉक्सी हे कालबाह्य साधन आहे असा निष्कर्ष काढला, त्यांचा तर्क मला समजतो.

दुसरी पायरी म्हणजे एचटीटीपीएस तपासणी, म्हणजे प्रॉक्सीने ती एन्क्रिप्टेड देवाणघेवाण मध्येच उलगडून पाहणे. इंटरनेट जंकबस्टरपासून निघालेल्या या जुन्या प्रकल्पात ही सोय २०२०मध्ये, ३.०.२९ या आवृत्तीत आली, आणि माझ्या मते तिनेच त्याला पुन्हा अर्थ दिला. सर्टिफिकेट म्हणजे साइटची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र. तपासणीसाठी अशी प्रमाणपत्रे देणारे स्वतःचे मूळ सर्टिफिकेट तयार करावे लागते, ते ब्राउझरला विश्वासार्ह म्हणून द्यावे लागते, आणि प्रायव्हॉक्सीला बाहेरच्या सर्टिफिकेटांची खातरजमा करता यावी म्हणून विश्वासू प्रमाणकांची (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांची) फाइल पुरवून ती ताजी ठेवावी लागते. तुमच्याकडची प्रत ही सोय धरून बांधलेली आहे की नाही, हे त्याच्या स्थितिदर्शक पानावर दिसते. कामाला लागण्यापूर्वी ते पाहून घ्यावे.

येथे जबाबदारी मोठी आहे, आणि ती हलक्या हाताने घेऊ नये असे मी कळकळीने सांगेन. त्या मूळ सर्टिफिकेटची खासगी किल्ली ज्याच्या हाती पडेल तो तुमच्या ब्राउझरसमोर कोणतीही साइट असल्याचे सोंग आणू शकतो. म्हणून ती किल्ली त्याच संगणकावर, मोजक्या परवानगीने ठेवावी आणि इतर कोणत्याही यंत्रावर नकलू नये. प्रत्येक साइटसाठी तयार होणारी सर्टिफिकेटे ज्या फोल्डरमध्ये साठतात तो प्रायव्हॉक्सी स्वतःहून साफ करत नाही, आणि त्यांत साइटची नावे असल्याने तो फोल्डर म्हणजे तुमच्या भेटींची यादीच ठरतो. मी तो रॅममध्ये ठेवतो, म्हणजे यंत्र बंद होताच तो रिकामा होतो. बँक, आरोग्य आणि सरकारी कामाच्या साइटना तपासणीतून वगळावे, आणि सर्टिफिकेटमधल्या चुकांकडे दुर्लक्ष करण्याची जी सोय आहे तिला हात लावू नये. एवढी शिस्त पाळण्याची तयारी नसेल, तर डीएनएस फिल्टर हीच योग्य निवड आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही.

हे सारे वाचून कोणालाही वाटेल की एवढा खटाटोप कशासाठी करावा. माझ्यासाठी त्याचे उत्तर एका त्रासात आहे, आणि तो त्रास डीएनएस फिल्टरचा आहे.

बातमीपत्रे, खरेदीच्या पावत्या, पुस्तकालयाच्या सूचना, कार्यक्रमांची निमंत्रणे अशा ईमेलमधली लिंक आता क्वचितच थेट असते. ती आधी मोजणी करणाऱ्या एखाद्या मध्यस्थ डोमेनवर जाते, तिथे तुमच्या क्लिकची नोंद होते, आणि मग तुम्ही इच्छित पानावर पोहोचता. हे मध्यस्थ डोमेन ट्रॅकर आहे यात शंका नाही, म्हणून ते ब्लॉकलिस्टमध्ये असते. आणि डीएनएस फिल्टर ते अडवतो तेव्हा त्याच्यापलीकडचे पानही अडते. पाय-होल अशा नावाला ०.०.०.० असे, कुठेही न नेणारे, उत्तर देतो आणि ब्राउझर फक्त जोडणी झाली नाही एवढेच सांगतो. ज्याला हे माहीत नाही त्याला साइट बंद पडल्यासारखी वाटते, आणि ज्याला माहीत आहे त्याला नोंदवही उघडून नेमके कोणते नाव अडले ते शोधावे लागते. ते सापडल्यावर परवानगी द्यावी, तर संगणकाने किंवा ब्राउझरने आधीचे उत्तर लक्षात ठेवलेले असते, त्यामुळे लिंक लगेच उघडतेच असे नाही. माझ्या अनुभवात वर्तमानपत्र वाचण्यासारख्या कामात असा खंड फारसा पडत नाही. ईमेल हाताळताना मात्र तो इतक्या वेळा पडतो की घरातली माणसे फिल्टरच बंद करण्याची मागणी करू लागतात.

त्याहून मोठी अडचण ही की परवानगी दिल्यावर काय होते. डीएनएस फिल्टरला नावाच्या पलीकडे काहीच दिसत नसल्यामुळे ते डोमेन संपूर्ण खुले होते. ईमेल उघडल्याची खबर देणारे अदृश्य चित्र, क्लिकची नोंद, कुकी हे सारे बहुधा त्याच नावाखाली असते, आणि एका लिंकसाठी या सगळ्याला वाट मिळते. गट पाडून ही परवानगी एकाच उपकरणापुरती ठेवता येते, परंतु एकाच लिंकपुरती ठेवता येत नाही. ही त्या साधनाची उणीव म्हणता येणार नाही, कारण त्याचे कामच नावापुरते आहे.

प्रॉक्सीला पूर्ण पत्ता दिसतो, त्यामुळे तिच्याकडे याचे वेगळे उत्तर आहे. प्रायव्हॉक्सीत फास्ट-रिडायरेक्ट्स नावाची क्रिया आहे: मध्यस्थाच्या पत्त्यात खऱ्या पानाचा पत्ता दडलेला असेल तर ती तो ओळखते आणि ब्राउझरला सरळ तिकडे पाठवते. मध्यस्थाला मागणी जातच नाही, त्यामुळे क्लिकची नोंदही होत नाही, आणि पान मात्र उघडते. अडवणे आणि पोहोचवणे एकाच वेळी साधणारी ही गोष्ट पाहिल्यावर माझा कल ठरला, हे मी मोकळेपणाने सांगतो. ज्या लिंकमध्ये खरा पत्ता नसून केवळ एक सांकेतिक क्रमांक असतो, तिथे ही युक्ती चालत नाही. तिथे मी त्या डोमेनचा फक्त क्लिकचा मार्ग खुला ठेवतो, बाकी सारे अडवतो आणि कुकी दोन्ही दिशांनी गाळून टाकतो. नोंद होते, पण तेवढीच होते.

ही क्रिया सरसकट चालू करू नये. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनचे पत्ते पाहा: जतन केलेल्या पानाच्या पत्त्यात मूळ पानाचा पत्ता असतोच, आणि फास्ट-रिडायरेक्ट्स तुम्हाला जतन केलेल्या प्रतीऐवजी आजच्या पानावर नेऊन सोडते. लॉगिननंतर परत कुठे यायचे हा पत्ता सोबत नेणाऱ्या पानांचेही असेच होते. म्हणून मी ती ठरावीक मध्यस्थांच्या नावांनाच लावतो आणि यादी हळूहळू वाढवतो. स्वतःचे नियम यूजर-अ‍ॅक्शन या फाइलीतच लिहावेत, कारण सोबत येणारी डीफॉल्ट-अ‍ॅक्शन फाइल नव्या आवृत्तीबरोबर बदलली जाते.

नियम फसला तर कारण समजते, हा प्रॉक्सीचा दुसरा गुण मला जवळजवळ तितकाच मोलाचा वाटतो. अडवलेल्या पानाच्या जागी प्रायव्हॉक्सी स्वतःचे पान दाखवतो आणि नियम लिहिताना दिलेले कारण त्यावर छापतो. शिवाय कोणताही पत्ता त्याच्या अंतर्गत पानावर टाकला, तर त्याला कोणत्या फाइलीतले कोणते नियम लागू झाले हे क्रमाने दिसते. नियमांत शेवटचा जुळणारा नियम वरचढ ठरतो, एवढे ध्यानात ठेवले की दुरुस्ती सहसा त्याच बैठकीत होते.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे, आणि ते लपवण्याचे कारण नाही. प्रायव्हॉक्सी एचटीटीपी/२ ही पाने उतरवण्याची जलद पद्धत बोलत नाही, त्यामुळे तपासणी चालू असताना चित्रांनी भरलेली पाने मला किंचित सावकाश उतरल्यासारखी वाटतात, जरी जाहिरातींचे ओझे गेल्याने एकूण वाचन हलके होते. पानाचा मजकूर बदलणारे फिल्टर चालवायचे तर संपूर्ण पान आधी साठवावे लागते, आणि जावास्क्रिप्टने नंतर घडवलेल्या भागापर्यंत ते पोहोचत नाहीत. एक्स्टेन्शनसाठी असलेल्या लोकप्रिय याद्या त्याला थेट वाचता येत नाहीत. रेफरर (आपण कोणत्या पानावरून आलो ती माहिती) लपवणे किंवा तिऱ्हाइताच्या कुकी रोखणे ही कामे आता बरेचसे ब्राउझर स्वतःच करतात, त्यामुळे तेवढ्यासाठी प्रॉक्सी बसवण्यात अर्थ उरलेला नाही. आणि यूझर-एजंट (ब्राउझर साइटला सांगतो ती स्वतःची ओळख) बदलण्याची सोय तर मी बंदच ठेवतो, कारण गर्दीतून उठून दिसणारी ओळख गोपनीयतेला मारक ठरते.

फोनच्या बाबतीत मी प्रॉक्सीचा आग्रह धरणार नाही. अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६पासून, वापरकर्त्याने घातलेल्या मूळ सर्टिफिकेटवर अ‍ॅप्स आपणहून विश्वास ठेवत नाहीत, आणि काही अ‍ॅप्स तर स्वतःचेच सर्टिफिकेट पक्के धरून चालतात. तिथे तपासणी लावणे म्हणजे रोज नवी तक्रार ओढवून घेणे होय. टीव्ही आणि इतर उपकरणांत अनेकदा प्रॉक्सी देण्याची जागाच नसते. अशा सर्वांसाठी डीएनएस फिल्टर हाच शहाणा मार्ग आहे.

तेव्हा तुमचे वाचन मुख्यतः फोनवर होत असेल, किंवा घरातल्या अनेकांसाठी एकदाच काहीतरी लावून विसरायचे असेल, तर पाय-होल किंवा अ‍ॅडगार्ड होम निवडावे. परंतु तुम्ही दिवसाचा मोठा भाग एकाच संगणकासमोर घालवत असाल, ईमेल त्यावरच हाताळत असाल, आणि किल्ली सांभाळण्याची शिस्त तुम्हाला जड जात नसेल, तर माझ्या मते प्रायव्हॉक्सीला तपासणीसह संधी द्यावी.

दोन्ही एकत्र ठेवणार असाल तर एक व्यवस्था आधीच करून घ्यावी. प्रॉक्सी बाहेर जाताना नावांचे पत्ते त्याच डीएनएस फिल्टरला विचारते, त्यामुळे तुम्ही प्रॉक्सीत खुला ठेवलेला क्लिकचा मार्ग तिथे पुन्हा अडतो. यासाठी प्रॉक्सी चालणाऱ्या संगणकाचा फिल्टरमध्ये स्वतंत्र गट करून त्याला हलकी यादी लावावी. फास्ट-रिडायरेक्ट्सने सुटणाऱ्या लिंकना याची गरज पडत नाही, कारण मध्यस्थाचे नाव कोणाला विचारावेच लागत नाही.