पावसाळी सूप: अख्खी मसूर की मूगडाळ?

खानापूरकडचा पाऊस लागला की आमच्याकडे रात्री भाताऐवजी भाजी-डाळीचं सूप होतं. माझा कौल अख्ख्या मसुरीला. बेळगावची बारीक, काळपट मसूर रविवार पेठेत मिळते. तासभर भिजवून गाजर, दुधी, कांदा आणि 4-5 लसूणपाकळ्यांसोबत कुकरच्या 4 शिट्ट्या पुरतात. टोमॅटो मात्र नंतरच घाला. आंबटपणामुळे डाळ शिजायला वेळ लागतो, आणि अख्ख्या मसुरीत तर दाणा टचटचीत राहतो. शिजली की निम्मी मसूर रवीनं घोटायची, निम्मी तशीच ठेवायची. मग चमचा बुडवला की दाट रस्सा त्याला धरून येतो, मधूनच एखादा मऊ दाणा दाताखाली येतो. दोन वाट्यांत पोट भरतं. साल असल्यामुळे चोथाही जास्त मिळतो.

मूगडाळ भिजवावी लागत नाही, 2 शिट्ट्यांत मेणासारखी होते. प्रथिनं दोन्हींत जवळपास सारखीच, वाळलेल्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 24 ग्रॅम. पण मूग पचायला हलका. घरात कुणी तापातून उठलं असेल, आजीला रात्री जड नको असेल, तर मी मुकाट्यानं मूगच लावते. त्यात आलं, मिरपूड, शेवटी मूठभर पालक. चव थोडी सपक वाटते, म्हणून तुपात जिऱ्याची फोडणी हवीच.

लिंबू दोन्हींत पिळा, ताटात घेतल्यावर. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह अंगी लागतं. उकळत्या सूपात पिळलं तर त्यातलं बरंचसं वाया जातं.