मोटर क्लब ऑफ अमेरिका: सेवा खरी, कमिशनचं गणित तपासा

रस्त्यात गाडी अडली तर वर्गणीदार सभासदांना मदत करणारा अमेरिकेतला हा क्लब १९२६ पासूनचा, त्यामुळे बनावट म्हणता येणार नाही. बॅटरी उतरली, टायर बसला, चावी आत राहिली, तर मदत मिळते. प्रश्न विक्रीच्या 'संधी'चा आहे, म्हणजे क्लबचं सभासदत्व इतरांना विकून कमिशन कमावण्याचा. गाजलेली टोटल सिक्युरिटी ही सभासदत्वाची योजना महिना १९.९५ डॉलरला विकली जायची आणि एका विक्रीमागे ८० डॉलर कमिशन. म्हणजे चार महिन्यांची वर्गणी आगाऊ हातात! सभासदाने दुसऱ्याच महिन्यात पैसे थांबवले की उरलेली रक्कम तुमच्या पुढच्या कमिशनमधून वळती होते. याला चार्जबॅक म्हणतात. कमाई दाखवायला चेकचे फोटो ऑनलाइन टाकणारे विक्रेते तो शब्द सहसा उच्चारत नाहीत. आणि ग्राहक बहुतेक कोण? स्वतः विकायला आलेलेच. फक्त सेवेसाठी किती जण पैसे भरतात, हे विचारा. उत्तर गोलगोल आलं तर उठा.

अमेरिकेत एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-१बी (नोकरी) व्हिसावर असाल तर विषयच संपला. असं कमिशन परवानगीविना केलेलं काम ठरू शकतं.

नुसती सेवा हवी असेल तर आधी आपली विमा पॉलिसी उघडा, टोइंग बऱ्याचदा थोडक्या पैशांत त्यातच मिळतं. नसेल तर करारात टोइंगचे मैल, वर्षाला किती कॉल आणि रद्द करण्याची रीत वाचूनच कार्ड द्या.