न्यायालयाजवळच्या टंकलेखन केंद्रात लिनक्स मिंट : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडच्या परिसरात माझे टंकलेखन आणि छपाईचे छोटे केंद्र आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार, वकिलांचे मसुदे आणि लग्नसराईत पत्रिकांचे मजकूर असे आमचे काम चालते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि मसुद्यांची ये-जा वाढली. नेमका त्याच सुमारास माझ्यासमोर एक प्रश्न उभा राहिला. विंडोज १० ला मिळणारा कंपनीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता आणि माझ्या दोन संगणकांपैकी जुना संगणक, ज्यात इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर आहे, तो विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. यंत्र मात्र ठणठणीत होते. आठ जीबी रॅम आणि १२० जीबीची एसएसडी असलेला, रोज दहा तास बिनतक्रार चालणारा संगणक भंगारात काढणे मला पटेना, म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या विनामूल्य संगणक प्रणालीची २२.२ सिनॅमन आवृत्ती बसवली. ही आवृत्ती उबंटू २४.०४ या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रणालीवर आधारलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा सुधारणा मिळणार आहेत, हे माझ्या निर्णयामागचे मुख्य कारण होते.

पहिल्या दिवसापासून मी एक वही ठेवली. अडचण आली की पडद्यावर उमटलेला संदेश शब्द न शब्द उतरवून घ्यायचा, मग काय करून पाहिले आणि शेवटी अडचण कशाने सुटली ते खाली लिहायचे. आज त्या वहीत एकतीस नोंदी आहेत. त्या पुन्हा वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते, ती अशी की निम्म्याहून अधिक वेळा उत्तर त्या संदेशातच लिहिलेले होते आणि आमचा वेळ गेला तो संदेश न वाचता खिडकी बंद करण्याच्या जुन्या सवयीमुळे. विंडोजवर ‘बंद करून पुन्हा चालू करा’ किंवा ‘फॉरमॅट मारा’ एवढेच उपाय आम्हाला ठाऊक होते. येथे ते उपाय क्वचितच लागले.

आमच्या कामाचा प्राण मराठी टंकलेखन आहे, त्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहितो. माझ्याकडे काम करणाऱ्या ताई इनस्क्रिप्ट पद्धतीने, कळफलकाकडे न पाहता टंकलेखन करतात. कळफलकावरील अक्षरांचा हा आराखडा केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवलेला असून तो ब्राह्मीपासून आलेल्या भारतीय लिप्यांना जवळपास सारखाच लागू पडतो. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आराखडा मुळातच असतो, त्यामुळे पाच मिनिटांत ‘र’च्या कळीवर ‘र’ आणि शिफ्टसह ‘ऱ’ येऊ लागला. परंतु अर्ध्या तासातच ताईंनी तक्रार केली, ‘दादा, क्ष आणि ज्ञ एका कळीवर येत नाहीत. प्रत्येक वेळी तीन-तीन कळा दाबायच्या म्हणजे बोटे अडखळतात.’ ‘पक्षकार’, ‘क्षेत्र’, ‘प्रतिज्ञापत्र’ हे शब्द दिवसातून शंभरदा लिहिणाऱ्या माणसाची ही तक्रार रास्त होती.

शोध घेतल्यावर कारण समजले. संगणकात कळफलकाच्या दोन वेगवेगळ्या पायऱ्या असतात. खालच्या पायरीवरचा साधा आराखडा एका कळीला एकच अक्षरचिन्ह देऊ शकतो आणि ‘क्ष’ हे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, क, हलन्त आणि ष अशा तीन चिन्हांनी बनलेले असते, म्हणून ते एका कळीवर बसत नाही. त्याच्या वरची पायरी म्हणजे इनपुट मेथड. ती एका कळीच्या बदल्यात अनेक चिन्हे पाठवू शकते. आम्ही अशी इनपुट मेथड चालवणारा आयबस हा प्रोग्रॅम आणि त्याच्यासोबतचे, भारतीय भाषांचे आराखडे देणारे एम-१७-एन हे पॅकेज बसवले, लॉगआउट करून पुन्हा आत आलो, तेथील मराठी इनस्क्रिप्ट निवडला आणि ताईंची तक्रार मिटली. लॉगआउट केल्याशिवाय हा बदल दिसत नाही, हे माहीत नसल्यामुळे माझी एक संध्याकाळ वाया गेली होती. ज्यांना ध्वन्यनुसारी पद्धतीने, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी लिहायचे आहे, त्यांनीही आयबसच वापरावे. आराखड्यांच्या यादीत इंग्रजी पहिल्या क्रमांकावर ठेवावी, म्हणजे पासवर्ड टंकताना देवनागरी उमटून घोटाळा होत नाही.

फाँटची कथा याहून लांब आहे. वकिलांकडून आलेला चौदा पानांचा मसुदा लिबरऑफिस या मिंटवरच्या लेखन-प्रोग्रॅममध्ये उघडला की पंधरा पानांचा होई, कारण मूळ मसुदा विंडोजसोबत येणाऱ्या मंगल फाँटमध्ये असे, तो फाँट लिनक्सवर नसतो आणि त्याच्या जागी दुसरा फाँट वापरला गेला की ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात. परिच्छेदांचे क्रमांक सांगून युक्तिवाद होतो हे खरे, पण पान क्रमांक बदलले की अनुक्रमणिका चुकते आणि वकील साहेब नाराज होतात. यावर दोन उपाय ठरवले. अंतिम प्रत नेहमी पीडीएफ करूनच द्यायची, कारण पीडीएफमध्ये फाँट सोबत जातो. आणि नेहमीच्या चार वकिलांना विनंती करून दोन्हीकडे विनामूल्य मिळणारा नोटो सान्स देवनागरी हा फाँट वापरायचे ठरवले. तीन जणांनी लगेच मान्य केले.

याच संदर्भात लिबरऑफिसची एक खोच सांगितली पाहिजे, कारण तिने आम्हाला सर्वाधिक छळले. या प्रोग्रॅममध्ये रोमन लिपीचा फाँट आणि देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिपीचा फाँट वेगवेगळे नोंदलेले असतात. शैलीमध्ये फाँट बदलला तरी मराठी मजकूर जसाच्या तसा राहतो, कारण आपण बदललेला असतो तो रोमन अक्षरांचा फाँट. पर्याय या मेनूतील भाषेच्या भागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून मराठी निवडावी आणि शैलीतील त्या स्वतंत्र रकान्यात फाँट व आकार ठरवावा. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की आणखी एक लाभ होतो. ज्या फाँटमध्ये सोय आहे, त्यात ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणाची रूपे जाऊन आपली मराठी वळणाची रूपे येतात. कागदावर आपल्या वळणाचा ‘ल’ पाहून मला जे समाधान वाटले ते मी लपवणार नाही. विंडोजवर इतकी वर्षे काम करूनही भाषेच्या नोंदीने अक्षराचे रूप बदलू शकते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या फायलींचे दुखणे मात्र पूर्ण बरे झालेले नाही. पत्रिका छापणाऱ्यांकडून येणाऱ्या फायली आजही बहुतेक त्याच पद्धतीच्या असतात. त्या फाँटमध्ये मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असल्यामुळे फाँट नसला की पडद्यावर अर्थहीन रोमन चिन्हांचा सडा पडतो. रूपांतर करणारी साधने आहेत, परंतु जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असतो, तर युनिकोडमध्ये नेमके उलट असते, त्यामुळे जोडाक्षरांपाशी रूपांतर हमखास चुकते. ‘कार्तिक’, ‘स्वर्गीय’ असे शब्द आम्ही डोळ्यांत तेल घालून तपासतो. नावात चूक झालेली पत्रिका परत घ्यावी लागते आणि तो भुर्दंड छोट्या केंद्राला परवडत नाही.

आता प्रिंटर. आमचा लेझर प्रिंटर एका नामांकित कंपनीचा, बारा वर्षांचा आहे. मिंटने तो ओळखला, यादीत ‘तयार’ असे दाखवले आणि कागद मात्र बाहेर येईना. दोन दिवस केबल बदलण्यात गेले. मग पुतण्याने सांगितल्याप्रमाणे ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे हाच संगणक) आणि पोर्ट ६३१ हा पत्ता टाकून कप्स या छपाई व्यवस्थेचे पान उघडले, तर प्रत्येक कामापुढे ‘फिल्टर फेल्ड’ असे लिहिलेले होते. याचा अर्थ प्रिंटरपर्यंत मजकूर पोहोचतच नव्हता, मधल्या भाषांतराच्या टप्प्यावरच तो अडत होता. हा प्रिंटर चालू केल्यावर दर वेळी संगणकाकडून फर्मवेअर, म्हणजे स्वतःला चालवणारा प्रोग्रॅम, मागतो आणि ते फर्मवेअर उत्पादकाच्या स्वतंत्र प्लगइनमध्ये (वेगळ्या जोड-सॉफ्टवेअरमध्ये) असते, जे मिंटसोबत येत नाही. प्लगइन बसवल्यावर त्याच मिनिटाला सगळी अडलेली कामे एकामागून एक बाहेर पडली. ड्रायव्हरची, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती बदलली तर प्लगइनही त्याच आवृत्तीचे लागते, हे वहीत लाल शाईने लिहून ठेवले आहे. पानाची शेवटची ओळ कापली जात होती ती वेगळी बाब. तेथे कागदाचा आकार लेटर असा नोंदला गेला होता, जो ए-४ पेक्षा १८ मिलिमीटरने आखूड असतो. ए-४ निवडताच तीही अडचण सुटली.

घड्याळाचे कोडे चटकन सुटले. पहिले तीन महिने जुन्या हार्ड डिस्कवरचे विंडोजही ठेवले होते आणि लिनक्स वापरून झाल्यावर विंडोज उघडले की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे असे. साडेपाच हा आकडाच कारण सांगतो. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. लिनक्समध्ये वेळ ठरवणाऱ्या ‘टाइमडेटसीटीएल’च्या एका आज्ञेने स्थानिक वेळ ठेवायला सांगितले. त्याच काळात विंडोजच्या डिस्कवरच्या फायली लिनक्समधून केवळ वाचता येत होत्या, बदलता येत नव्हत्या. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ (संगणक पूर्ण बंद न होऊ देता लवकर सुरू करण्याची सोय) बंद केल्यावर तेही थांबले.

फेब्रुवारीत एका सोमवारी सकाळी मात्र मी खरोखर घाबरलो. पासवर्ड दिला की पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा पासवर्डच विचारी. दाराशी चार पक्षकार उभे होते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबल्या की चित्रांशिवायचा साधा पडदा मिळतो, हे वहीत होते. तेथे डिस्कवर किती जागा भरली ते दाखवणारी ‘डीएफ -एच’ ही आज्ञा (अर्थातच रोमन अक्षरांत) दिली, तर मूळ विभाजन, म्हणजे डिस्कचा ज्यावर मिंट आहे तो भाग, १०० टक्के भरलेले. टाइमशिफ्ट हे साधन व्यवस्थेच्या प्रती रोज काढत होते, त्या प्रती त्याच १२० जीबीच्या डिस्कवर साठत होत्या, आणि कितीच्या वर ठेवायच्या नाहीत हा आकडा मीच मोठा ठरवला होता. जुन्या प्रती काढून टाकल्या आणि वीस मिनिटांत काम सुरू झाले. आता दोन दैनिक आणि एक साप्ताहिक एवढ्याच प्रती ठेवतो. टाइमशिफ्ट मूळ मांडणीत आपल्या घरच्या फोल्डरमधल्या फायली जपत नाही, हेही येथे सांगणे आवश्यक आहे. पक्षकारांच्या कागदपत्रांची प्रत मी स्वतंत्र बाह्य डिस्कवर रोज संध्याकाळी घेतो.

गेल्या आठवड्यात वळवाच्या सरींबरोबर वीज गेली, यूपीएसची बॅटरी दमलेली होती आणि अपडेट चालू असतानाच संगणक बंद पडला. पुन्हा सुरू केल्यावर नवीन काहीच बसेना. एकदा संदेश आला की ‘लॉक-फ्रंटएंड’ मिळत नाही. एका वेळी एकाच प्रोग्रॅमला पॅकेजेस बसवू देणारी ही कुलपासारखी फाइल असते. ती फाइल पुसून टाकावी असा सल्ला सर्रास दिला जातो, म्हणून मी पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, ‘काका, कुलूप मोडू नका. आत कोणीतरी काम करतंय म्हणून ते लावलंय. दहा मिनिटं थांबा आणि मग संदेश काय येतो तो वाचून दाखवा.’ दहा मिनिटांनी संदेश बदलला. पॅकेजेस बसवणाऱ्या डीपीकेजी या प्रोग्रॅमचे काम मध्येच तुटले आहे आणि ते पूर्ण करण्यासाठी अमुक आज्ञा द्या, असे त्यात त्या आज्ञेसकट लिहिलेले होते. ‘सुडो डीपीकेजी’ आणि पुढे ‘कॉन्फिगर’चा पर्याय अशी ती आज्ञा जशीच्या तशी दिली आणि अर्धवट राहिलेली पॅकेजेस ओळीने मार्गी लागली. यूपीएसची बॅटरी दुसऱ्या दिवशी बदलली.

दुसऱ्या संगणकावर विंडोज ११ आहे आणि तूर्त ते राहील. आमच्याकडचे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन मी लिनक्सवर चालवू शकलो नाही आणि आमच्या सीएंचे हिशेबाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालते. ज्यांचे सगळे काम याच दोन गोष्टींवर अवलंबून आहे, त्यांनी आपला एकमेव संगणक लिनक्सवर नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. टंकलेखन, छपाई, स्कॅनिंग, ईमेल आणि पीडीएफ एवढेच काम असेल तर मी निःशंकपणे शिफारस करीन. मात्र आधी पेन ड्राइव्हवरून मिंट न बसवता चालवून पाहावे आणि त्याच वेळी प्रिंटर, स्कॅनर व वाय-फाय जोडून तपासावे. वाय-फाय ओळखले गेले नाही तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर उतरवून घ्यावा.

ताईंनी परवा वहीचा दुसरा भाग स्वतः सुरू केला. बत्तिसावी नोंद त्यांच्या अक्षरात आहे. स्कॅनर दुपारनंतर सापडत नाही, असे तिच्यात लिहिले आहे आणि उपायाची जागा अजून कोरी आहे.