झिरो डेप पॉलिसी: क्लेम झाल्यावर लागलेला हिशेब

साडेतीन वर्षांची हॅचबॅक, कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी (आपल्या गाडीचं आणि इतरांचं, दोन्ही नुकसान धरणारी), सोबत झिरो डेप, म्हणजे भागांच्या किमतीतून घसारा (जुनेपणाची घट) कापू न देणारं जादा कव्हर. पुढची डावी बाजू ठोकली गेली, क्लेम पास झाला. गॅरेजकडून सर्व्हेअरचं (विमा कंपनीसाठी नुकसान मोजणाऱ्याचं) असेसमेंट शीट मागून घ्याच. कुठल्या ओळीत किती कापलं ते तिथेच कळतं.

बिल 32,000 चं: बंपर 6,000, हेडलाइट 9,000, फेंडर 4,000, रंगकाम 8,000, मजुरी 5,000. झिरो डेप नसता तर प्लॅस्टिकचे म्हणून बंपर आणि हेडलाइट निम्म्यावर आले असते. पत्र्याला तीन ते चार वर्षांच्या गाडीसाठी 25 टक्के घसारा. रंगकामात साहित्याचा वाटा 25 टक्के धरतात आणि त्याचे निम्मे कापतात. म्हणजे 3,000, 4,500, 1,000 आणि 1,000, एकूण 9,500 खिशातून. मजुरीवर घसारा नाही, काचेवरही नाही. हे 9,500 वाचले, इथे पॉलिसीला पूर्ण गुण.

तरी 1,000 रुपये भरावेच लागतात. ती कंपल्सरी डिडक्टिबल (प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः भरायची ठरावीक रक्कम), 1,500 सीसीच्या वरच्या गाडीला 2,000. प्रीमियम स्वस्त दिसावा म्हणून व्हॉलंटरी डिडक्टिबल घातली असेल, तर तीही याच्या डोक्यावर. क्लिपा, स्क्रू, कूलंट हे कन्झ्युमेबल्सचं कव्हर नसेल तर वेगळं कापतात.

इथवर समाधान होतं. रिन्युअलचं कोटेशन आलं आणि मत बदललं. पन्नास टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सवलत) शून्यावर! ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा, प्रीमियम 12,000 धरा (थर्ड पार्टीच्या, म्हणजे इतरांच्या नुकसानीच्या, भागावर एनसीबी नसतोच). पहिल्या वर्षी 6,000 ची सवलत गेली. पुढे एनसीबी 20, 25, 35, 45 असा चढतो, म्हणजे पन्नासला पोचेपर्यंत 3,600, 3,000, 1,800 आणि 600 रुपये आणखी जातात. बेरीज 15,000. आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) दरवर्षी उतरतो म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी, पण अंदाज चुकत नाही. या क्लेममध्ये 31,000 मिळाले, म्हणून तो परवडला. नुसता बंपर रंगवून घ्यायला सात-आठ हजारांचा क्लेम टाकणं म्हणजे सरळ तोटा, आणि गॅरेजवाला मात्र "झिरो डेप आहे ना, टाका क्लेम" असंच म्हणतो. त्याचं बिल सुटतं, एनसीबी आपला जातो. फॉर्मवर सही करण्याआधी हा आकडा मांडा. एनसीबी 45 किंवा 50 वर असेल तर एनसीबी प्रोटेक्टर (क्लेम केला तरी एनसीबी टिकवणारं जादा कव्हर) घ्याच. 20 वर असताना त्याला पैसे घालू नका.

झिरो डेपचा टोटल लॉसशी संबंध नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात आणि हिशेब आयडीव्हीवर होतो. प्रीमियम उतरवायला विकणारे आयडीव्ही खाली ओढतात, ते करू देऊ नका. रिटर्न टू इन्व्हॉइस (टोटल लॉसमध्ये आयडीव्हीऐवजी खरेदीच्या बिलाची किंमत देणारं कव्हर) नवीन गाडीलाच शोभतं. पाणी तुंबणाऱ्या भागात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्टर हवाच, कारण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून बिघडली तर साध्या पॉलिसीत इंजिनाचे पैसे मिळत नाहीत.

गाडी विकताना एनसीबी नव्या मालकाला देऊ नका. तो मालकाचा असतो, गाडीचा नाही. रिटेन्शन लेटर (एनसीबी राखून ठेवल्याचं विमा कंपनीचं पत्र) घेतलं की तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीवर वापरता येतो. आणि पॉलिसी संपल्यावर 90 दिवसांत रिन्यू केली नाही, तर क्लेम न करताही तो जातो.